मुख्य अर्जदार

भूलवाल्या मॅडमना परदेशात जायचंच नव्हतं, असं त्यांच्या घरात आजही सांगतात. ते खरं नाही. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

त्या भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या आधी पेशंटला झोपवायचं, तो झोपेत असताना त्याचा श्वास सांभाळायचा आणि काम झालं की त्याला परत आणायचं. पेशंट सर्जनचे पाय धरतात. भूल देणारीचा चेहरा कुणाला आठवत नाही. आठवणार कसा, तो झोपलेला असतो. सिस्टरपासून लिफ्टवर बसणाऱ्या मामांपर्यंत सगळे त्यांना भूलवाल्या मॅडम म्हणत. त्यांना ते चालायचं.

खरं तर त्यांना सर्जन व्हायचं होतं. मार्क होते, हातही होता. पण लग्न ठरलेलं होतं आणि होणारे नवरोबा हाडांचे सर्जन व्हायला निघाले होते. "एका घरात दोन सर्जन म्हणजे घराला कुलूप," असं होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या. सगळे हसले. मॅडमही हसल्या आणि भूलशास्त्राला नाव घातलं. सुरुवातीला त्या मनातून धुसफुसत होत्या. मग एकदा ऑपरेशनच्या मध्येच एका बाईचा श्वास अडला. सर्जनचे हात थांबले. खोलीतले सगळे डोळे आपल्यावर आलेत हे त्यांना न बघता कळलं. बाई परत आली. त्यानंतर मॅडमनी सर्जरीचं नाव काढलं नाही.

नवरा म्हणजे हाडवाले डॉक्टर. उंच, देखणे, बोलायला गोड. दोघं एकाच खाजगी हॉस्पिटलात काम करत. घरात सगळं त्यांच्या शब्दाने चाले. मुलीची शाळा, सोफ्याचा रंग, सुट्टीत कुठे जायचं. थिएटरमध्ये मात्र उलटं होतं. मॅडम "घ्या" म्हणाल्याशिवाय हाडवाल्यांना सुरीला हात लावता येत नसे. घरी येताना गाडीत ते यावर विनोद करायचे. "माझी बायको मला दिवसातून चारदा परवानगी देते, तीही पेशंटसमोर."

एकदा तो विनोद त्यांच्या अंगाशी आला. हॉस्पिटलच्या मालकांचे व्याही गुडघा बदलायला दाखल झाले होते. टेबलावर घ्यायच्या आधी मॅडमनी सवयीने विचारलं, सकाळपासून काही खाल्लंय का. आजोबा प्रामाणिक निघाले. "दोन बिस्किटं आणि कपभर दूध. औषध रिकाम्या पोटी कसं घ्यायचं?"

मॅडमनी हातमोजे काढले. "आज नाही. उद्या."

पोटात अन्न असताना झोपवलं आणि ते वर येऊन फुप्फुसात गेलं, तर चालत आलेला माणूस चालत जात नाही. हाडवाल्यांनाही हे पाठ होतं. तरी त्यांनी बायकोला बाजूला घेतलं. "अगं, मालकांचे व्याही आहेत. दोन बिस्किटांनी काय होतंय?"

"काही होणार नाही बहुतेक."

"मग?"

"बहुतेकवर मी झोपवत नाही."

मालक थिएटरच्या दारापर्यंत आले. दुसऱ्या भूलतज्ज्ञाला बोलवायची भाषा झाली. मॅडम म्हणाल्या, "जरूर बोलवा. मी केसपेपरवर लिहून ठेवते, पेशंटने खाल्लेलं आहे." दुसऱ्या डॉक्टरांनी फोनवर ते ऐकलं आणि त्यांना अचानक बाहेरगावी काम निघालं. आजोबांचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं, छान झालं. पण मालक पुढे मॅडमशी बोलेनासे झाले आणि हाडवाल्यांच्या केसेस कमी व्हायला लागल्या. "घरचीच आडवी आली," असं ते सासूबाईंना सांगत असताना मॅडमनी ऐकलं.

परदेशाचं खूळ निघालं ते तिथून.

हाडवाल्यांचे थोरले भाऊ बऱ्याच वर्षांपासून तिकडे होते. तेही डॉक्टर, एक्सरे आणि स्कॅन वाचायचे. त्यांनी धाकट्यासाठी शब्द टाकला. त्यांच्या ओळखीच्या हॉस्पिटलाने मुलाखत ठेवली. घरात बेत ठरला. हाडवाले नोकरीच्या परवान्यावर जाणार, मॅडम त्यांची जोडीदार म्हणून आणि मुलगी त्यांची मुलगी म्हणून. सासूबाई थोरल्याकडे आधी राहून आल्याच होत्या. त्यांचं म्हणणं, तिकडे एक पगार पुरतो, हिने जरा घर बघावं. मॅडमना हे जेवताना कळलं. कुणीतरी आमटीची वाटी पुढे करावी तसं ते सांगितलं गेलं.

मुलाखत दुपारची होती, लॅपटॉपवर. हाडवाल्यांनी कोट आणि टाय घातला आणि खाली घरातली अर्धी चड्डी. दार उघडंच होतं. मॅडम स्वयंपाकघरात होत्या आणि सगळं ऐकू येत होतं. पलीकडे तिघं होते, दोन पुरुष आणि एक वयस्क बाई. प्रश्न बरे गेले. मग एकाने विचारलं, नव्या टीमबरोबर जुळवून घ्यायला तुम्हाला किती वेळ लागेल?

हाडवाले ऐटीत म्हणाले, "त्याची काळजी नको. भूलतज्ज्ञ माझी मी घेऊन येतो."

पलीकडे शांतता. लाइन गेली असं हाडवाल्यांना वाटलं. त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने.

यात त्यांना काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. इकडची रीतच ती. लहान हॉस्पिटलांत ऑपरेशन असलं की सर्जन आपली हत्यारांची पेटी घेऊन जातो आणि आपल्या भूलवाल्याला फोन करतो. 'माझा भूलवाला' हा शब्दच आहे. जसा माझा शिंपी, माझा मेकॅनिक. ते कौतुकाने बोलले होते. पण तिकडे कुणी कुणाला पेटीत घालून आणत नाही.

"घेऊन येतो म्हणजे?" त्या वयस्क बाईंनी विचारलं.

"माझी बायको. बरोबर येणारच आहे ती."

"त्या डॉक्टर आहेत?"

"हो, डॉक्टरच."

"तज्ज्ञ? परीक्षा झालेल्या?"

"हो हो. चांगली आहे."

बाईंनी चष्मा काढला. "मग त्यांचा अर्ज आमच्याकडे का नाही? हाडांच्या सर्जनची आमच्याकडे रांग आहे. भूलतज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून दोन थिएटर बंद आहेत. त्या घरी आहेत का?"

मॅडम हात पुसत आल्या. हाडवाल्यांना खुर्चीवरून उठावं लागलं आणि तिकडच्या तिघांना ती अर्धी चड्डी दिसली. कुणी हसलं नाही. बाईंनी मॅडमना कठीण श्वासमार्गाबद्दल विचारलं, लहान मुलांबद्दल विचारलं, रात्री एकटीने केस घेतली आहे का ते विचारलं. मॅडम उत्तरं देत राहिल्या. मागे कुकरची शिट्टी झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "एक मिनिट," आणि मुलीला हाक मारून गॅस बंद करायला सांगितलं. बाई म्हणाल्या, "माझ्याकडेही असंच चालतं."

आठवड्याने तिकडून ईमेल आली. मॅडमना नोकरी. हॉस्पिटलच परवाना काढून देणार. पतींना बरोबर आणता येईल, त्यांच्या नोकरीचं पुढे बघू.

घरात त्या दिवशी कुणी जेवण झाल्यावर टेबलावर थांबलं नाही.

सासूबाईंनी मॅडमना दुसऱ्या दिवशी गाठलं. "तू त्यांना कळव, याला घ्या म्हणून."

"आई, मी कोण कळवणार? त्यांना हाडांचा डॉक्टर नको आहे."

"नको कसा? तिकडच्या लोकांना हाडं नाहीत का?"

मुलगी सोळाची, ती दप्तर भरता भरता म्हणाली, "आजी, हाडं आहेत, पण रांगेत आहेत." तिला दोघींनी आत पिटाळलं.

हाडवाल्यांचा राग दोन दिवसांत थंडावला. ते मुळात हिशेबी. ते म्हणाले, ठीक आहे, तुझ्या परवान्यावर जाऊ, एकदा आत शिरलो की माझं मी बघतो. थोरले भाऊही तेच म्हणाले. सगळ्यांचं एकमत झालं. आता फक्त मॅडमनी हो म्हणायचं होतं, आणि त्या हो म्हणतीलच असं सगळे धरून चालले होते.

मॅडम व्हिसाचं काम बघणाऱ्या वकीलबाईंकडे गेल्या. एकट्या. दुकानांच्या वरच्या मजल्यावर एक खोली, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, आणि अधूनमधून थापट मारल्याशिवाय न चालणारा प्रिंटर. वकीलबाई कोरड्या होत्या. त्यांनी कागदावर तीन रेघा ओढल्या.

"पहिला रस्ता, नवऱ्याची जोडीदार म्हणून. तो आता बंदच झाला म्हणा. दुसरा, हॉस्पिटल तुम्हाला बोलावतं. हा लवकर होतो. पण परवाना त्या हॉस्पिटलाला बांधलेला. नोकरी सोडली किंवा त्यांनी काढलं तर थोड्या दिवसांत देश सोडायचा. अशी पाच वर्षं काढलीत की कायमचं राहायला अर्ज करता येतो. तिसऱ्या रस्त्याला लोक घाबरतात. कुणाचं बोलावणं नको. त्यांची परीक्षा द्या, डॉक्टर म्हणून तिथे नोंदणी करा आणि तुमची विद्या त्यांना कमी पडतेय या आधारावर स्वतःच्या नावावर राहायचा हक्क घ्या. अट एकच. पहिली तीन वर्षं आडगावात काम करायचं. कुठल्या हॉस्पिटलात, ते तुम्ही ठरवायचं. एक सोडून दुसरं धरलं तरी हक्काला धक्का नाही."

"वेळ?"

"वर्ष तरी जाईल. परीक्षा अवघड आहे. या वयात देणारे कमी."

मॅडम रेघांकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "दुसऱ्या रस्त्यावरून बाहेर कसं पडायचं?"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "माझ्याकडे लोक आत कसं जायचं ते विचारायला येतात."

"माझ्या कामात आधी जागं कसं करायचं ते ठरवतात. मग झोपवतात."

"बाहेर पडायला मार्ग नाही. पाच वर्षं साहेबाच्या मर्जीत राहायचं."

"आणि साहेब म्हणाला, दोन बिस्किटांनी काय होतंय?"

वकीलबाईंना ते कळलं नाही. मॅडमनी व्याह्यांची गोष्ट सांगितली. ऐकून वकीलबाईंनी मधल्या रेघेवर फुली मारली, स्वतःहून.

मॅडमनी घरी तिसरा रस्ता सांगितला. त्या रविवारी थोरल्या भावांचा व्हिडिओ कॉल आला. हाडवाल्यांनीच लावून दिला होता, समजूत घालायला. थोरले समजुतीने बोलत होते.

"अगं, इथे सगळे असेच आलेत. मीसुद्धा. पाच वर्षं मान खाली घालायची, मग आपणच राजे. मोठं शहर आहे, आम्ही जवळ आहोत. ते आडगाव म्हणजे काय आहे तुला माहीत आहे का? दुकान बंद झालं की रस्त्यावर मेंढ्या."

"भाऊजी, एक विचारू? त्या पाच वर्षांत तुम्ही साहेबाला एकदा तरी नाही म्हणालात?"

"तशी वेळच आली नाही."

पडद्याच्या कडेवरून जाऊबाईंचा आवाज आला. त्या दिसत नव्हत्या. "आली होती की. एक रिपोर्ट बदलायला लावला होता. सांगा ना."

"तू गप्प बस गं."

"मी गप्पच होते. तुम्ही झोपत नव्हतात."

थोरल्यांनी हवापाण्याचा विषय काढला. कॉल लवकर संपला. हाडवाले म्हणाले, "वहिनीला कुठे काय बोलावं कळत नाही." मॅडम म्हणाल्या, "तिलाच कळतं."

मग दोघांचं खरं भांडण झालं. गाडीत, हॉस्पिटलच्या खालच्या पार्किंगमध्ये, काचा बंद करून. त्यांच्या घरात भांडायला तेवढीच जागा होती.

"'नाही' म्हणायला मिळावं म्हणून तू वर्ष घालवणार?" हाडवाले म्हणाले. "हातातली नोकरी सोडून?"

"सर्जन चुकला तर भूलवाली सांगते. भूलवालीला सांगता आलं नाही तर कोण सांगणार? मला पगार झोपवायचा मिळतो असं वाटतं का तुला? झोपवायला कुणीही शिकतं. कधी झोपवायचं नाही, ते माझं काम."

"त्या एका केसचं किती दिवस धरून बसणार आहेस? अगं, तिकडची हॉस्पिटलं अशी नसतात."

"नसतील. ज्या दिवशी असतील त्या दिवशी माझ्या हातात काय असेल? बॅग."

हाडवाले स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिले. "आणि मी? त्या मेंढ्यांच्या गावात मी काय करू? भांडी घासू?"

"घासशील. मी घासतेच आहे."

"लोक काय म्हणतील, बायकोच्या मागे गेला."

"मी तुझ्या मागे येणार होते तेव्हा लोक काय म्हणणार होते?"

त्यांनी गाडी सुरू केली, बंद केली. "मी येणार नाही म्हणालो तर?"

मॅडमनी सीटबेल्ट सोडला. "तर मी आणि पोरगी जाऊ. तिला विचारलंय मी. तू नंतर ये. किंवा येऊ नकोस. पण तू हो म्हणायची वाट बघत मी अर्ज थांबवणार नाही."

असं त्या आयुष्यात पहिल्यांदा बोलल्या होत्या. त्या जिन्याने वर गेल्या आणि पुढच्या केसला लागल्या. केस त्यांचीच होती, दोघांची. मॅडम "घ्या" म्हणाल्या आणि हाडवाल्यांनी घेतलं. अडीच तास दोघं कामापुरतं बोलले. सिस्टरला वाटलं, आज मॅडम आणि सरांचं किती छान जमलंय.

तिकडच्या हॉस्पिटलाला मॅडमनी नकार कळवला. त्या वयस्क बाईंनी उलट उत्तर पाठवलं, एका ओळीचं. तुमच्या जागी मी होते तेव्हा हेच करायला हवं होतं, आणि मी केलं नव्हतं.

परीक्षेचा अभ्यास जेवणाच्या टेबलावर झाला. एका टोकाला मुलीची बारावी, दुसऱ्या टोकाला आईची परीक्षा. सासूबाईंना टेबल पुसायला जागा मिळेना. "एवढं शिकून झाल्यावर परत शिकायचं म्हणजे आधीचं काय पाण्यात गेलं?" असं त्या रोज विचारायच्या. तरी चहाचा कप पुस्तकांपासून लांब ठेवायच्या. हॉस्पिटलात मालकांच्या कानावर गेलं तेव्हा मॅडमच्या ड्यूट्या मुद्दाम विचित्र लागू लागल्या. मॅडम ड्यूटीरूममध्ये वाचायच्या. मामा लिफ्टमध्ये विचारायचे, "मॅडम, पास होणार ना? मी लोकांना सांगून ठेवलंय."

त्या पहिल्या फेरीत नापास झाल्या. तोंडी परीक्षेत. परीक्षकाने एका पेशंटबद्दल विचारलं, वरिष्ठ सर्जन घाई करत असेल तर काय कराल, आणि मॅडमनी एका वाक्यात सांगितलं, "थांबवीन." परीक्षकाला तिथे समजुतीचं सविस्तर बोलणं हवं होतं, सर्जनशी संवाद वगैरे. घरी हाडवाले बऱ्याच दिवसांनी मनापासून हसले. "बघ, तुझा नकार तिकडेही पचला नाही." मॅडमही हसल्या. मग त्यांनी ते संवादाचं प्रकरण पाठ केलं, जसं लहानपणी पाढे केले होते, आणि दुसऱ्या फेरीत सुटल्या. वर त्या म्हणाल्या, "उत्तर तेच दिलं. फक्त लांबवलं."

नोंदणी झाली. अर्ज भरायचा दिवस आला. वकीलबाईंनी आधीच सांगितलं होतं, जोडीदार येणार की नाही ते कळवा. मॅडमनी घरी दोनदा विचारलं. हाडवाले "बघू" म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी वर्तमानपत्र पुढे धरलं.

त्या दिवशी दुपारी हाडवाले वकीलबाईंच्या जिन्यावर धापा टाकत पोचले. हातात त्यांची सगळी सर्टिफिकेटं, प्लास्टिकच्या पिशवीत. मॅडम प्रिंटरशेजारी बसल्या होत्या.

हाडवाले वकीलबाईंना म्हणाले, "मी विचार केलाय. दोघांचे अनुभव एकत्र दाखवले तर अर्ज जास्त भक्कम होईल. मुख्य अर्जदार मी राहतो, भूलशास्त्राचं हिचं खाली जोडा."

वकीलबाईंनी मॅडमकडे बघितलं. मॅडम बोलल्या. "सकाळी गेला."

"काय गेला?"

"अर्ज. माझा आणि पोरीचा."

हाडवाले खुर्चीवर बसले. पिशवी त्यांच्या मांडीवर होती. "आणि माझं नाव?"

"नाही घातलं. तू काही म्हणाला नाहीस."

"मग आता घाला."

"जोडीदाराचं नाव नंतर जोडता येतं," वकीलबाई म्हणाल्या. "मुख्य अर्जदार नंतर बदलता येत नाही."

हाडवाले एकदा बायकोकडे बघायचे, एकदा खिडकीकडे. त्यांच्या ओळखीची बाई तिथे नव्हती असं त्यांना वाटलं असावं. पण तीच होती. थिएटरमध्ये ती रोज अशीच बसायची, पेशंटच्या डोक्याशी, आणि हाडवाल्यांची नजर टेबलावर असायची.

घरी सासूबाईंनी ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. रडल्या, रागावल्या, थोरल्याला फोन लावला, तो लागला नाही. शेवटी म्हणाल्या, "जा बाई. पण त्याला निदान भात तरी लावायला शिकवून जा. इथे मी किती दिवस पुरणार?"

"आई, तो स्वतः शिकेल. सर्जन आहे."

एका संध्याकाळी मॅडम आवराआवर करत होत्या. हाडवाले टेबलापाशी आले, उभे राहिले, एक पुस्तक उघडून मिटलं.

"ती परीक्षा. किती अभ्यास लागतो?"

"मला वर्ष लागलं. तुला जास्त लागेल."

"का?"

"तू फक्त हाडं वाचली आहेस. त्यांना हाडांच्या आतला माणूसही लागतो."

ते चक्क हसले. मग पुस्तकांच्या चळतीवर हात ठेवून म्हणाले, "ही इथे ठेवून जा मग."

मॅडमनी चळत उचलली आणि आपल्या बॅगेत घातली. "तुझी तू विकत घे," त्या म्हणाल्या. "ही माझ्याबरोबर येणार आहेत."